क्लाउड भाड्याने घेताना : खान्देशातील घरांसाठी आणि व्यापाऱ्यांसाठी

क्लाउड संगणन म्हणजे संगणकाची ताकद, साठवणुकीची जागा आणि तयार सॉफ्टवेअर विकत न घेता इंटरनेटवरून भाड्याने वापरण्याची पद्धत. वापरणाऱ्याला मशीन दिसत नाही, पण मशीन असतेच. भारतात अशा मशीनची सर्वांत मोठी दाटी मुंबई आणि नवी मुंबईतल्या डेटा सेंटरांत आहे. मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये पुणे, मुंबई आणि चेन्नई येथून ही सेवा देशात सुरू केली. अ‍ॅमेझॉन २०१६ मध्ये आणि गूगल २०१७ मध्ये मुंबईत आले. त्यामुळे आज जळगावच्या सराफ बाजारात फाडलेले बिल किंवा धुळ्याच्या ट्रान्सपोर्ट कार्यालयात केलेली बिल्टी तीनशे-चारशे किलोमीटरवरच्या एखाद्या इमारतीत जाऊन नोंदवली जाते आणि क्षणात पडद्यावर परत दिसते.

भाड्याचे तीन प्रकार आहेत. पहिल्यात सगळे तयार मिळते : ईमेल, फोटोंची जागा, हिशेबाचे सॉफ्टवेअर. दुसरा प्रकार सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांच्या कामाचा आहे. तिसऱ्यात नुसते रिकामे मशीन मिळते आणि त्यात काय चढवायचे ते भाडेकरू ठरवतो. बाजारात ‘क्लाउडवर टॅली’ म्हणून जे विकले जाते ते बहुधा या तिसऱ्यातलेच असते : परवाना व्यापाऱ्याचा, सर्व्हर भाड्याचा. घराला आणि छोट्या दुकानाला मुख्यतः पहिल्याच प्रकाराशी काम पडते.

मोठ्या संस्था भाड्याने न घेता स्वतःचीच अशी व्यवस्था उभारतात. नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली गावी २९ सप्टेंबर २०१० रोजी देशातील पहिली आधार कार्डे दिली गेली. त्या नोंदी आधार प्राधिकरणाच्या स्वतःच्या डेटा सेंटरांत आहेत, कोणत्याही खासगी कंपनीच्या भाड्याच्या जागेत नाहीत. केंद्र सरकारच्या खात्यांसाठी ‘मेघराज’ या नावाने राष्ट्रीय क्लाउड २०१४ पासून चालतो. खेड्यातल्या विविध कार्यकारी सोसायट्याही (विकासो) सामायिक यंत्रणेकडे वळत आहेत. देशभरातील ६३,००० प्राथमिक कृषी पतसंस्थांचे संगणकीकरण एकाच सामायिक सॉफ्टवेअरवर करण्याची योजना केंद्राने २०२२ मध्ये मंजूर केली. सभासदाचे पीककर्ज सचिवाच्या कपाटातल्या वहीपुरते न राहता जिल्हा बँकेलाही दिसावे, हा तिचा उद्देश.

घरातला क्लाउड

घरातील वापर बहुधा नकळत सुरू झालेला असतो. अँड्रॉइड फोन सुरू करताना गूगलचे खाते उघडले की १५ जीबी जागा फुकट मिळते; अ‍ॅपलकडे ५ जीबी. गूगलच्या १५ जीबीत ईमेल, फोटो आणि फायली एकत्र मोजल्या जातात, आणि २०२४ पासून अँड्रॉइडवरील व्हॉट्सअ‍ॅपचा बॅकअपही त्यातच धरला जातो. फोटो अमर्याद ठेवण्याची जुनी सवलत १ जून २०२१ रोजी संपली. म्हणून लग्नसराई उरकली की ‘स्टोरेज भरले’ असा निरोप हमखास येतो, आणि तो दुर्लक्षित केला तर नवे ईमेल येणेही थांबते. जादा जागा विकत घेण्याआधी व्हॉट्सअ‍ॅप गटांतले सुप्रभाताचे आणि सत्काराचे व्हिडिओ पुसून पाहावेत. अनेक घरांचे काम फुकटच्या जागेत भागू शकते.

फोन हरवला, पाण्यात पडला किंवा आठवडे बाजारात चोरीला गेला, तर नव्या फोनवर त्याच खात्याने प्रवेश केल्यावर बॅकअप घेतलेले संपर्क, फोटो आणि संदेश परत येतात. घरगुती वापराचा हा सर्वांत मोठा फायदा. दुसरा फायदा अंतर मिटण्याचा : आई-वडील अमळनेरला, मुले पुण्यात किंवा परदेशात, अशा कुटुंबात वडिलांचे तपासणी अहवाल, घरपट्टीच्या पावत्या आणि विम्याची कागदपत्रे एका सामायिक फोल्डरमध्ये ठेवली तर रात्री अपरात्री दवाखान्यात न्यायची वेळ आली तरी पुण्यातून जुना अहवाल डॉक्टरांना पाठवता येतो.

मात्र दोन गोष्टींत नेहमी गल्लत होते. फोन आणि क्लाउड एकमेकांशी जुळवून ठेवणे वेगळे, आणि बॅकअप वेगळा. जुळवलेल्या खात्यात फोनवरचा फोटो पुसला की तो क्लाउडवरूनही पुसला जातो. गूगल फोटोजच्या कचरापेटीत बॅकअप झालेला फोटो ६० दिवस राहतो, त्यानंतर तो मिळत नाही. म्हणून लग्नाचे, मुंजीचे, गेलेल्या माणसांचे फोटो क्लाउडशिवाय एका हार्ड डिस्कवरही असावेत, आणि ती डिस्क संगणकाला कायम जोडलेली नसावी.

खात्याची किल्ली हा घरातला सर्वांत कच्चा दुवा. पासवर्ड विसरल्यावर ओटीपी ज्या नंबरवर जातो तो नंबर चालू आहे का, हे वर्षातून एकदा तरी तपासावे. रिचार्ज न झालेला नंबर काही महिन्यांनी कंपनी दुसऱ्याला देऊ शकते. दोन वर्षे न उघडलेले वैयक्तिक गूगल खाते कंपनी पुसू शकते. खातेधारक दगावल्यास खाते कोणाच्या हाती द्यायचे, याची सोय गूगल आणि अ‍ॅपल दोघांच्याही सेटिंगमध्ये आहे. बँकेत वारस नोंदवणारे कुटुंबही ही नोंद क्वचितच करते.

सरकारी कागदपत्रांसाठी १ जुलै २०१५ रोजी सुरू झालेला डिजिलॉकर उपयोगी आहे, पण त्यातला फरक ध्यानात घ्यावा. परिवहन विभागाने किंवा शिक्षण मंडळाने थेट डिजिलॉकरमध्ये जारी केलेला परवाना किंवा गुणपत्रक मूळ कागदाइतकेच ग्राह्य असते. स्वतः स्कॅन करून चढवलेला कागद तसा नसतो. ती नुसती प्रत. सातबाराचेही असेच : महाभूमीच्या संकेतस्थळावरून १५ रुपयांत मिळणारा डिजिटल सहीचा उतारा कामाला चालतो, फुकट दिसणारा उतारा फक्त पाहण्यापुरता. दागिने घेणाऱ्यालाही अशाच मध्यवर्ती नोंदीचा आधार आहे. १ एप्रिल २०२३ पासून हॉलमार्कच्या दागिन्यावर सहा अक्षरी-अंकी एचयूआयडी बंधनकारक आहे, आणि तो क्रमांक दुकानाच्या काउंटरवरच भारतीय मानक ब्युरोच्या बीआयएस केअर अ‍ॅपमध्ये टाकून तपासता येतो.

दुकान, मिल आणि कारखाना

व्यापाऱ्याला क्लाउड विकताना ‘खर्च वाचतो’ हे पहिले वाक्य असते. खान्देशात तरी तो मुख्य फायदा नाही. मुख्य फायदा आहे हिशेब शाबूत राहण्याचा. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांच्या घरात जातो. दुकानाच्या माळ्यावर, पंख्याच्या भरवशावर ठेवलेला सर्व्हर आणि त्याखालची यूपीएसची बॅटरी अशा उन्हात लवकर थकते. वीज गेली की अर्धवट झालेली नोंद बिघडते. आणि पाणी तर काहीच शिल्लक ठेवत नाही : ३१ ऑगस्ट २०२१ रोजी चाळीसगावात तितूर आणि डोंगरी नद्यांना पूर आला आणि पाणी बाजारपेठेत शिरले. दुकानात पाणी भरते तेव्हा मालाचे नुकसान डोळ्यांना दिसते. उधारीची नोंद असलेला संगणक भिजला तर वसुलीचा आधारच जातो. ज्याची खतावणी दुसऱ्या गावच्या यंत्रावर आहे, तो दुसऱ्या दिवशी फोनवरून येणे-देणे काढू शकतो.

दुसरा फायदा धंदा अनेक ठिकाणी विखुरलेला असल्यास मिळतो, आणि केळीचा व्यापार त्याचे चांगले उदाहरण. रावेर-यावल पट्ट्यात कापणी झाली की शेतातल्या काट्यावर वजन होते, चिठ्ठी फाडली जाते, त्या दिवसाचा बोर्ड भाव आणि त्यावरचा फरक लिहिला जातो, ट्रक उत्तरेकडे निघतो आणि चिठ्ठ्यांचा गठ्ठा संध्याकाळी कार्यालयात पोहोचतो. एखादी चिठ्ठी घामाने भिजून आकडा पुसट झाला की शेतकरी आणि व्यापारी दोघेही आपापल्या आठवणीवर अडून बसतात. हीच नोंद काट्याजवळ फोनवर केली, चिठ्ठीचा फोटो तिला जोडला आणि शेतकऱ्याला तेवढ्यातच संदेश गेला, तर तीन ठिकाणी एकच आकडा राहतो. अशा कामाचे अ‍ॅप निवडताना एकच प्रश्न आधी विचारावा : बांधावर रेंज नसताना नोंद घेता येते का, आणि रेंज आल्यावर ती आपोआप पुढे जाते का? उत्तर नाही असेल तर बाकीच्या सोयी शहरातल्या कार्यालयासाठी ठीक, बागेसाठी नाहीत.

जळगावच्या एमआयडीसीतील चटई, पाइप आणि डाळ उद्योगात गरज वेगळी असते. माल कारखान्यात, मालक शहरात, सीए तिसरीकडे. पूर्वी मार्चअखेर मुनीमजी पेन ड्राइव्ह घेऊन सीएकडे जात, सीए दुरुस्त्या करून परत देत, आणि मधल्या आठ दिवसांत कार्यालयात झालेल्या नोंदी कोणत्या प्रतीत आहेत हे कोणालाच नीट सांगता येत नसे. सामायिक हिशेबात प्रत एकच असते, आणि कोणी काय बदलले ते दिसते. कंपनी म्हणून नोंदलेल्या उद्योगांना आता ही निव्वळ सोय उरलेली नाही : १ एप्रिल २०२३ पासून त्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाची, बंद करता न येणारी नोंद राहणे बंधनकारक आहे, आणि इलेक्ट्रॉनिक हिशेबाचा बॅकअप रोजच्या रोज भारतातील सर्व्हरवर ठेवावा लागतो. परदेशी सेवा स्वस्त वाटून घेणाऱ्याने हा नियम आधी पाहावा.

‘आम्हाला क्लाउड नको’ म्हणणारा व्यापारीही त्यापासून सुटलेला नाही. वार्षिक उलाढाल ५ कोटींवर गेली की १ ऑगस्ट २०२३ पासून इतर व्यावसायिकांना दिलेले करपात्र बिल आधी सरकारी पोर्टलवर नोंदवून क्रमांक घ्यावा लागतो. मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर महामार्ग धुळ्यात एकमेकांना छेदतात. मध्य प्रदेश आणि गुजरातच्या हद्दी जवळ आहेत, आणि ५०,००० रुपयांवरचा करपात्र माल हद्दीपार न्यायचा तर ई-वे बिल लागते. हिशेबाचे सॉफ्टवेअर या पोर्टलशी थेट बोलत असेल तर एकच आकडा दोनदा टाइप करावा लागत नाही. गाडीचा नंबर एका अंकाने चुकला म्हणून रस्त्यात थांबलेला ट्रक ज्याने सोडवला आहे, त्याला याचे मोल वेगळे सांगावे लागत नाही.

हंगामाचा फायदा मोठ्यांना अधिक मिळतो. आखाजीला किंवा धनत्रयोदशीला सराफाच्या संकेतस्थळावर गर्दी उसळते, एरवी शुकशुकाट असतो. क्लाउडवर त्या दोन-तीन दिवसांपुरती ताकद वाढवून नंतर कमी करता येते. पण हे आपोआप घडत नाही, आधी तशी रचना करावी लागते. १६ जुलै २०२१ रोजी दहावीच्या निकालाची संकेतस्थळे कित्येक तास उघडत नव्हती, तेव्हा गर्दी अचानक आली तर काय होते हे राज्यभरातील विद्यार्थ्यांनी पाहिले.

भाड्याचा खरा हिशेब

खर्चाची तुलना पाच वर्षांची करावी, एका महिन्याची नव्हे. समजा, चौघे काम करतात अशा चटई कारखान्याच्या कार्यालयात सर्व्हर, यूपीएस आणि बॅकअपची डिस्क मिळून करासह १,५०,००० रुपये लागले आणि देखभालीला वर्षाला २०,००० गेले. पाच वर्षांचे २,५०,००० झाले. त्याच चौघांसाठी भाड्याचा सर्व्हर माणशी महिना ९०० रुपयांनी घेतला तर महिन्याला ३,६००, पाच वर्षांत २,१६,००० आणि १८ टक्के जीएसटी धरून २,५४,८८०. म्हणजे बरोबरी. आकडे उदाहरणादाखल आहेत, प्रत्येकाने स्वतःच्या कोटेशनचे घालून पाहावेत; पण भाडे दरवर्षी वाढू शकते आणि विकत घेतलेले मशीन सहाव्या वर्षीही चालू शकते, हे त्यात धरावे. नवा धंदा सुरू करणाऱ्याला मात्र भाडे सरस पडते, कारण दीड लाखाचे भांडवल यंत्रात न अडकता मालात लावता येते.

करातली बाजूही पाहावी. बिल स्वतःच्या जीएसटी क्रमांकावर घेतले तर नोंदणीकृत व्यापाऱ्याला भरलेल्या कराची वजावट मिळते. कंपोझिशन योजनेतल्या दुकानदाराला ती मिळत नाही. ज्याची विक्रीच करमुक्त आहे, जसे ताजी केळी, त्यालाही नाही. त्यांनी १८ टक्के खर्चातच धरावेत. तिसऱ्या प्रकारच्या भाड्यात वापराप्रमाणे बिल येते, आणि चालू ठेवून विसरलेले मशीन महिनाभर मीटर फिरवत राहते. म्हणून खर्चाची मर्यादा आणि ती ओलांडण्याआधी येणारा इशारा पहिल्याच दिवशी लावून घ्यावा.

इंटरनेट हा या सगळ्याचा पाया. फायबरची एक जोडणी आणि तिच्याशिवाय दुसऱ्या कंपनीचे मोबाइल इंटरनेट, आणि राउटरला छोटा इन्व्हर्टर, एवढी तयारी नसेल तर क्लाउडवर जाऊ नये. भारनियमनात दुकानातले दिवे चालतात आणि राउटर बंद असतो, असे चित्र अजून बरेच दिसते.

जबाबदारी कोणाची

मार्केटातला गाळा भाड्याने घेतला तर भिंत आणि छप्पर मालकाचे, शटरचे कुलूप भाडेकरूचे. क्लाउडमध्येही तसेच. यंत्र, वीज, थंडावा आणि इमारतीची राखण सेवादाराकडे. पासवर्ड, कोणाला काय दिसावे आणि बहुतेक करारांत वेगळा बॅकअपही ग्राहकाकडे. फ्रान्समध्ये स्ट्रासबुर्ग येथे १० मार्च २०२१ रोजी ओव्हीएच कंपनीच्या डेटा सेंटरला आग लागली तेव्हा ज्या ग्राहकांनी दुसऱ्या ठिकाणी प्रत ठेवली नव्हती, त्यांपैकी अनेकांची माहिती कायमची गेली.

एकाच सेवादारावर अनेकांचा भार असण्याचा धोका भारतातही दिसला आहे. जुलै २०२४ च्या अखेरीस सी-एज टेक्नॉलॉजीज या बँकांना सॉफ्टवेअर पुरवणाऱ्या कंपनीवर खंडणीखोरांचा सायबर हल्ला झाला. पसरण्याची भीती असल्याने राष्ट्रीय पेमेंट महामंडळाने तिला जाळ्यापासून तोडले, आणि सुमारे ३०० लहान सहकारी व ग्रामीण बँकांच्या ग्राहकांचे यूपीआय आणि एटीएम व्यवहार तात्पुरते थांबले. त्या बँकांना एकेकट्याने तशी यंत्रणा उभारणे परवडले नसते, म्हणूनच त्यांनी सामायिक सेवा घेतली होती. तो निर्णय चुकीचा म्हणता येणार नाही. पण एक दिवस यंत्रणा बंद राहिली तर काउंटरवर काय करायचे, याची कागदी पद्धत प्रत्येक पतसंस्थेने आणि दुकानाने लिहून ठेवायला हवी. पावतीपुस्तक आणि कार्बन पेपर अजून फेकू नयेत.

रोजच्या व्यवहारात धोका बाहेरच्या चोरापेक्षा आतल्या ढिलाईतून जास्त येतो. एकच नाव आणि एकच पासवर्ड मालक, मुनीमजी, काउंटरवरचा मुलगा आणि सीएचा सहायक असे चौघे वापरतात. मुलगा नोकरी सोडून समोरच्या दुकानात लागतो आणि पासवर्ड तोच राहतो. प्रत्येकाला वेगळे खाते द्यावे, नोकरी सुटली त्याच दिवशी ते बंद करावे, आणि मालकाच्या खात्याला पासवर्डशिवाय दुसरी पडताळणी लावावी. खाते मालकाच्या किंवा फर्मच्या ईमेलवर असावे. संगणक बसवून देणाऱ्याच्या ईमेलवर ते उघडले, तर वाद झाल्यावर मालकच बाहेर उभा राहतो. पैशाची फसवणूक झाल्यास १९३० या राष्ट्रीय हेल्पलाइनवर ताबडतोब कळवावे.

ग्राहकांची नावे, नंबर आणि आजारांच्या नोंदी ठेवणारे सराफ, दवाखाने आणि कोचिंग क्लास यांच्यावर २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने थेट जबाबदारी टाकली आहे. माहिती भाड्याच्या सर्व्हरवरून फुटली तरी उत्तर द्यावे लागते ते ती गोळा करणाऱ्याला, आणि वाजवी सुरक्षा न ठेवल्याचा दंड २५० कोटी रुपयांपर्यंत जाऊ शकतो. अर्थात छोट्या दुकानाला तेवढा दंड होईल असे नव्हे. पण गरज नसताना प्रत्येक गिऱ्हाइकाच्या आधार कार्डाचा फोटो साठवण्याची सवय तरी सोडावी.

बॅकअप आहे, असे सेवादाराने सांगणे आणि तो उघडणे यांत अंतर असते. तपासणी अर्ध्या तासाची आहे. मागच्या वर्षीच्या आखाजीचे एखादे बिल निवडावे, दुसऱ्या संगणकावर बॅकअपमधून हिशेब उभा करावा आणि ते बिल रकमेसह, गिऱ्हाइकाच्या नावासह उघडते का ते पाहावे. त्यानंतर त्या गिऱ्हाइकाची बाकी आजच्या बाकीशी जुळवावी. ही तपासणी दर तीन महिन्यांनी करावी आणि तारीख लिहून ठेवावी. फाइल आहे पण उघडत नाही, किंवा उघडते पण शेवटचे चार महिने गायब आहेत, हे पूर येण्याआधी कळलेले बरे.

करार करतानाच सोडण्याची अट वाचावी. जीएसटी कायद्यानुसार हिशेबाच्या नोंदी वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम मुदतीपासून ७२ महिने जपाव्या लागतात, आणि सेवा बंद केल्यावर काही कंपन्या थोड्याच दिवसांत माहिती पुसतात. त्यामुळे सगळी माहिती एक्सेल किंवा तशाच सर्वसामान्य स्वरूपात, बिलांच्या प्रतींसह काढून मिळेल का, त्याचे वेगळे पैसे पडतील का आणि पुसण्याआधी किती दिवस मिळतील, हे तिन्ही लेखी घ्यावे. सेवा बदलताना एक पूर्ण महिना जुनी आणि नवी दोन्ही चालवावी, महिनाअखेरची शिल्लक दोन्हीकडे सारखी आली की जुन्याची प्रत स्वतःच्या डिस्कवर उतरवावी, आणि माहिती पुसल्याचे पत्र हाती आल्यावरच शेवटचे बिल चुकते करावे.